भिंतीवरच्या ओलीशी प्रेम: अतिवास्तव प्रेमकथेचा लघुपट कसा उभा करायचा

अतिवास्तव प्रेमकथा बहुतेक वेळा फसते ती विचित्रपणाच्या अतिरेकाने. माणूस माशाच्या प्रेमात आहे, शिवाय घड्याळं उलटी फिरतायत, शेजारी हवेत तरंगतोय आणि सगळे कवितेत बोलतायत. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाला कळून चुकतं की इथे काहीही होऊ शकतं. एकदा ते कळलं की कशाची भीती राहत नाही आणि कशाची आशाही राहत नाही. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: अशक्य गोष्ट एकच ठेवा, आणि तिच्याभोवतीचं जग अगदी काटेकोर हिशोबाचं ठेवा.

फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंने १९२४ साली अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा लिहिला, त्यात स्वप्न आणि वास्तव एकमेकांत विरघळून एक वेगळंच वास्तव तयार होईल अशी आशा मांडली होती. चित्रपट करणाऱ्याने यातला ‘वास्तव’ हा भाग आधी उचलावा. स्वप्न पाहत असताना आपल्याला त्यातलं काहीच विचित्र वाटत नाही; नवल वाटतं ते जागं झाल्यावर. पडद्यावरची माणसं अजून स्वप्नातच आहेत, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटता कामा नये.

कृती नीट दाखवता यावी म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. साधारण ११ मिनिटांचा लघुपट, एक खोली, चार माणसं. कपड्यांना इस्त्री करून पोट भरणारी एक बाई आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर उमटणारी ओल यांचं प्रेम.

जोडीदार निवडताना

माणसाबाहेरचा प्रियकर किंवा प्रेयसी निवडायची तर तीन प्रश्नांवर पारख करा. त्याला काही हवं आहे का? तो नकार देऊ शकतो का? आणि त्याचं असणं दुसऱ्याला महागात पडतं का? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात जड आहे. नकार देऊ न शकणाऱ्या वस्तूवर केलेलं प्रेम म्हणजे मालकी, आणि मालकीची कथा प्रेमकथा म्हणून दाखवली की ती खोटी वाटते. खुर्ची, बाहुली, पुतळा हे पर्याय इथेच अडखळतात, कारण त्यांना निघून जाता येत नाही. ओल येते, सरकते, सुकते, परत येत नाही. तिच्याकडे हो आणि नाही दोन्ही आहे.

तिसऱ्या प्रश्नातून संघर्ष मिळतो. बाईचं पोट उष्णतेवर चालतं आणि ओलीला उष्णता मारते. कपडे दमट राहिले तर गिऱ्हाईक तुटतं, खोली कोरडी राहिली तर ओल जाते. हा पेच आपोआप पडतो, त्यासाठी खलनायक आणावा लागत नाही. तुमच्या कल्पनेत असा पेच सापडत नसेल तर पटकथेला हात घालू नका, आधी बाईचा धंदा बदलून पाहा. पात्राचा धंदा आणि जोडीदाराचा स्वभाव एकमेकांना छेदत असतील तर निम्मी कथा तिथेच तयार होते.

जगाचे नियम: पाच ओळी, भिंतीवर चिकटवलेल्या

पटकथेच्या आधी नियम लिहायचे. एका कागदावर पाचच ओळी, आणि तो कागद चित्रीकरण संपेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आपल्या उदाहरणात:

१. ओल फक्त रात्री, खिडकी बंद असतानाच हलते.
२. एका रात्रीत ती वीतभरच सरकते.
३. लाकूड आणि लोखंड तिला ओलांडता येत नाही.
४. कोरड्या हाताने स्पर्श केला तर ती मागे हटते, ओल्या हाताने केला तर थांबते.
५. रात्रभर जे कापड भिंतीला टेकलेलं असेल त्यात ती उतरू शकते.

यातला प्रत्येक नियम कॅमेऱ्याला दिसणारा आहे. ‘ओलीला एकटेपणा कळतो’ हा नियम होत नाही, तो अर्थ झाला. तो प्रेक्षक लावेल. नियमाची कसोटी अशी की त्यावरून कला दिग्दर्शकाला काम करता आलं पाहिजे.

पाचवा नियम शेवटासाठी राखून ठेवलेला आहे, म्हणून तो लवकर, सहज, कुणाचं लक्ष जाणार नाही असा एकदा दाखवून टाकायचा. तिसऱ्या प्रसंगात उशीच्या अभ्र्याचा कोपरा ओला दिसतो, ती तो झटकते आणि वाळत घालते, बस. शेवटी रंगारी भिंत फोडून नवं प्लास्टर करून जातो, भिंत कोरडी ठणठणीत होते, आणि बाहीवर तोच आकार उमटलेला दिसतो. हा शेवट नियमातून आलेला असल्याने प्रेक्षकाला तो चकित करतो आणि पटतोही. नियमाबाहेरचा शेवट फक्त चकित करतो.

‘हे सगळं तिचं स्वप्न होतं’ किंवा ‘तिला वेड लागलं होतं’ हे शेवट टाळा. दोन्हींत दिग्दर्शक स्वतःच्या कथेवरचा विश्वास काढून घेतो, आणि ११ मिनिटं विश्वास ठेवलेल्या प्रेक्षकाची फसगत होते.

पटकथा आणि संवाद

प्रचलित मांडणीत पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असं धरतात. शब्द कमी असलेल्या चित्रपटाला हा हिशोब लागू पडत नाही. ‘ती भिंतीकडे बघत बसते’ ही एक ओळ ४० सेकंद खाते. म्हणून प्रत्येक प्रसंगापुढे अंदाजे सेकंद लिहा आणि बेरीज करा. आपल्या आराखड्यात आठ प्रसंग आहेत: खोलीत राहायला येणं, पहिला डाग आणि तो इस्त्रीने सुकवणं, डागाने दुसऱ्या रात्री खांद्याच्या उंचीवर परत येणं, घरमालकीण, दमट कपडे परत करणारं गिऱ्हाईक, वाफ, रंगारी, बाही. पहिले तीन मिळून चार मिनिटांच्या वर गेले तर मधला भाग गुदमरतो.

संवाद जितका साधा तितका जगाचा पाया पक्का. घरमालकिणीचा प्रसंग असा लिहिता येईल:

“रात्री जरा हळू बोलत जा दोघं. खालच्यांना झोप लागत नाही.”
“बरं.”
“आणि पाण्याचं बिल या वेळी जास्त आलंय.”
“मी भरीन ना.”

‘दोघं’ या शब्दावर अभिनयात जोर द्यायचा नाही. घरमालकिणीचा राग बिलाबद्दल आहे. तिला ओलीचं नवल वाटलं असतं तर प्रेक्षकालाही वाटलं असतं, आणि तो बाईच्या बाजूने बघायच्या ऐवजी तिच्याकडे बघायला लागला असता.

ओलीचेही संवाद लिहा. पडद्यावर ते कधीच ऐकू येणार नाहीत, पण पानावर असले पाहिजेत: ‘आज उशीर केलास’, ‘हात गरम आहे तुझा’. त्यांचा उपयोग तालमीत होतो.

भिंत बांधणं

खऱ्या घराच्या भिंतीवर हे काम करू नका. एक तर ती तुम्हाला हवी तशी भिजत नाही, आणि भिजली की परत कोरडी व्हायला कितीतरी दिवस घेते. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे ८ बाय ४ फुटांचे दोन पत्रे उभे जोडून ८ बाय ८ फुटांची भिंत पुरते. मागून २ बाय २ इंची लाकडी चौकट, तिला तिरपे टेकू, टेकूंवर वाळूच्या पिशव्या.

आता महत्त्वाचं. प्लायवूडला पाणी लागलं की ते फुगतं आणि वाकतं, पण वरचा थर तर पाणी पिणारा हवा. म्हणून दोन टप्पे करायचे. आधी प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आणि कडांना तेलरंगाचे दोन हात देऊन ते पूर्ण बंद करा. कडा विसरल्या जातात आणि पाणी तिथूनच शिरतं. तेलरंग वाळला की समोरची बाजू खरखरीत कागदाने घासा, नाहीतर पुढचा थर सोलून येतो. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साधारण ३ मिलिमीटरचा थर, सांध्यावर आधी कापडी जाळीची पट्टी. तो पूर्ण वाळल्यावर चुन्याचा किंवा साध्या डिस्टेंपरचा एक पातळ हात. इमल्शन रंग वापरू नका. त्याची पातळ कातडी तयार होते, पाणी आत न मुरता ओघळतं, आणि डागाच्या जागी ओघळच दिसतात.

भिंत शुद्ध पांढरी ठेवू नका. पांढऱ्यात थोडा पिवळा आणि कणभर काळा मिसळून मळका रंग घ्या. ओल्या जागेचा रंग मूळ रंगापेक्षा गडद होतो, आणि मळक्या रंगावर हा फरक कॅमेऱ्यात ठळक पण नैसर्गिक दिसतो.

खऱ्या ओलीच्या कडेला पिवळट तपकिरी रेघ असते. पाणी सुकताना आतला रंग आणि क्षार कडेकडे वाहून नेतं आणि तिथे सोडून जातं. ती रेघ रंगवायला जाऊ नका, घडू द्या. एक लिटर पाण्यात चार चमचे चहा पावडर दहा मिनिटं उकळून गाळा, थंड करा, स्पंजने डागाच्या जागी मुरवा आणि पंख्याविना सुकू द्या. तीन-चार वेळा केलं की एकात एक रेघा येतात. पण ही रेघ कायमची असते. जे प्रसंग स्वच्छ भिंतीवर आहेत ते आधी चित्रित झाल्याशिवाय चहाला हात लावू नका. लोणा, म्हणजे ओल्या भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, हवा असेल तर मिठाचं दाट पाणी मुरवून दोन-तीन दिवस वाळू द्या, पांढरी भुकटी वर येते. ही भुकटी पहिल्या फवाऱ्यात विरघळून जाते, तेव्हा तिचा शॉट कोरड्यातच घ्यायचा.

कामाला लागण्यापूर्वी फूटभर बाजूच्या तुकड्यावर हे सगळं करून बघा. किती पाण्यात किती मोठा डाग पडतो आणि तो सुकायला किती वेळ लागतो याची नोंद ठेवा, कारण पुढचा टाइमलॅप्सचा (ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन सलग चालवलेल्या शॉटचा) हिशोब त्यावरच बेतलेला आहे.

ओल उमटताना दाखवण्याची युक्ती

भिंत भिजताना सरळ चित्रित केली तर पाणी खाली ओघळतं, थेंब चमकतात, आणि कुणीतरी मागून पाणी सोडतंय हे लगेच कळतं. उलट करा. पूर्ण भिजलेला डाग सुकताना टाइमलॅप्स घ्या आणि तो उलटा चालवा. सुकणारा डाग कडांकडून आत आत मिटत जातो. उलटा चालवला की तोच आतून बाहेर उमलत येतो. फ्रेंच दिग्दर्शक झ्यां कोक्तोने १९५०च्या ‘ऑर्फे’मध्ये हातमोजे आपोआप हातांवर चढताना दाखवले, तेही उलट्या चालवलेल्या चित्रीकरणातून. युक्ती जुनी आहे आणि अजून निकामी झालेली नाही, कारण त्यात गुरुत्वाकर्षण आणि काळ दोन्ही किंचित चुकतात आणि काय चुकलं ते डोळ्याला नेमकं सांगता येत नाही.

हिशोब असा. चाचणीत डाग दोन तासांत सुकला असं समजू. दर १५ सेकंदांनी एक फ्रेम घेतली तर ४८० फ्रेम होतात, आणि सेकंदाला २४ फ्रेमने २० सेकंदांचा शॉट मिळतो. पडद्यावर ८ सेकंद पुरणार असतील तरी २० घ्या. डाग एकाच वेगाने सुकत नाही, त्यातला सगळ्यात जिवंत वाटणारा तुकडा निवडायला जागा हवी. मध्यभाग तीन-चार वेळा भिजवा आणि कडेला एकदाच फवारा, म्हणजे तो कडेकडून सुकेल. डागाला मानवी आकार देण्याचा मोह आवरा. चेहरा दिसला की प्रेक्षक ‘चेहरा दिसला’ म्हणतो आणि तिथेच थांबतो.

हा शॉट बिघडतो तो बहुतेकदा प्रकाशामुळे. खिडकीतून आलेला उजेड दोन तासांत बदलतो, म्हणून खिडक्या काळ्या कापडाने पूर्ण बंद. दिवे लावून १५ मिनिटं थांबा, मग पहिली फ्रेम. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ आणि फोकस सगळं हाताने ठरवून कुलूपबंद करा. एवढं करूनही चित्र लुकलुकत असेल तर दोष बहुधा लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा (अ‍ॅपर्चरचा) असतो: इलेक्ट्रॉनिक लेन्स प्रत्येक फोटोला छिद्र मिटवते आणि दर वेळी ते केसभर वेगळं मिटतं. लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर वापरली की हा प्रश्न उरत नाही. कॅमेरा बॅटरीवर ठेवू नका, मधे बदलताना तो हलतोच. आणि त्या दोन तासांत खोलीत कुणी चालायचं नाही. लाकडी तळ असेल तर पावलागणिक फ्रेम हलते.

बाई समोर असताना ओलीने प्रतिसाद द्यायचा असेल तर टाइमलॅप्स चालणार नाही. त्यासाठी भिंतीमागून सलाईनची नळी वापरा. प्लायवूडला एक मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडा, ती प्लास्टरच्या थराच्या मागच्या अंगापर्यंतच न्या, आरपार नकोत. नळीचं टोक छिद्रावर बसवून सिलिकॉनने बंद करा, पाण्याची पिशवी दोन फूट वर टांगा, आणि नळीवरच्या चाकाने थेंब आवरा. सलाईनच्या सर्वसाधारण नळीत २० थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं, म्हणजे मिनिटाला ६० थेंब सोडले तर ३ मिलिलिटर. यापेक्षा जास्त सोडलं की प्लास्टर पाणी पिण्याआधीच ते खाली धावतं. चाकावर बसणारा माणूस हा त्या प्रसंगातला दुसरा नट आहे. त्याला तालमीला बोलवा, पटकथा वाचायला द्या.

सुरक्षेत तडजोड नको. ओल्या प्रसंगात इस्त्री वायर कापलेली, नुसती दिसायची. दिव्यांच्या तारा भिंतीच्या कोरड्या बाजूने, जोड जमिनीपासून वर, आणि सगळा पुरवठा गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून. वाफ किटलीतून नळीने आणायची, नटीपासून हातभर लांब. वाफ दिसायला मागे काळोख आणि मागून प्रकाश लागतो. पांढऱ्या भिंतीसमोर कितीही वाफ सोडली तरी ती दिसत नाही, तेव्हा वाफेच्या प्रसंगासाठी कॅमेरा काटकोनात वळवून पार्श्वभूमीला अंधारा दरवाजा घ्या.

कॅमेरा आणि प्रकाश

समोरून प्रकाश पडला तर डाग कागदावर छापल्यासारखा सपाट दिसतो. मुख्य दिवा भिंतीला जवळजवळ समांतर, एका बाजूने लावा. प्लास्टरचे उंचवटे सावल्या टाकतात, भिंतीला कातडी येते, आणि बाईच्या गालावरही तोच प्रकाश तसाच घासत जातो. दोघं एकाच प्रकाशात आहेत ही गोष्ट प्रेमकथेत कुठल्याही संवादापेक्षा जास्त काम करते.

ओल्या जागेची चमक नकोशी असेल तर पोलरायझर फिल्टर लावा, पण तो समोरासमोर निरुपयोगी आहे. कॅमेरा भिंतीशी ३५ ते ४० अंशांच्या कोनात असेल तेव्हाच तो चमक नीट कापतो. त्यात जवळपास दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाशही जातो, तो आधीच धरून चाला.

कॅमेऱ्यालाही नियम लावा. ओलीचे सगळे शॉट एकाच लेन्सवर, एकाच उंचीवर, ट्रायपॉडवर. बाईचे शॉटही तसेच आणि त्याच मापाचे. विचित्र गोष्ट दाखवताना तिरके कोन आणि रुंद लेन्स घ्यायची सवय असते. त्याने कॅमेरा स्वतःच ‘बघा, विचित्र आहे’ म्हणून ओरडतो. ५० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, खांद्याची उंची, स्थिर चौकट. जवळजवळ चौरस अशी ४:३ चौकट या विषयाला फार शोभते, कारण दोघांना एका चौकटीत बसवायचं तर जवळ यावंच लागतं.

सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवा. वीज ५० हर्ट्‌झची असेल तिथे दिव्यांची लुकलुकही याने टळते. ६० हर्ट्‌झ असेल तिथे एक साठांश.

एक अधिकची युक्ती, एकदाच वापरायची: सेकंदाला १२ फ्रेमने चित्रित करा आणि नटीला निम्म्या गतीने हालचाल करू द्या. २४ने चालवल्यावर ती जवळपास नेहमीच्या गतीने चालते, पण मागचा खिडकीचा पडदा दुप्पट वेगाने हलतो. श्वास आणि पापण्या मात्र निम्म्या गतीने करता येत नाहीत, म्हणून चेहरा जवळून दाखवू नका.

अभिनय

नटीला रिकाम्या भिंतीसमोर उभं करून ‘प्रेम कर’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तालमीत ओलीच्या जागी दुसरा नट उभा करा. त्याने ओलीचे लिहिलेले संवाद मोठ्याने म्हणायचे, स्पर्श झाला की मागे हटायचं, कधी रुसायचं. प्रसंग दोघांत जमला की पुढच्या फेरीत तो भिंतीमागे जातो आणि तिथून बोलतो. त्यापुढच्या फेरीत तो गप्प बसतो आणि आपल्या ओळीच्या जागी बोटाने एक टकटक करतो. शेवटी टकटकही बंद. आता नटी जिथे थांबते तिथे खरंच कुणीतरी बोलत असतं. तिचे विराम मोजून घेतलेले नाहीत, ऐकून घेतलेले आहेत. हा फरक पडद्यावर इतका स्पष्ट दिसतो की तालमीचा वेळ काटकसरीत कापणं परवडत नाही.

नजरेसाठी डागात खडूने हरभऱ्याएवढी खूण करा, प्रत्येक शॉटला त्याच जागी. डाग सरकला तर खूणही सरकते आणि नव्या जागेची उंची नोंदवहीत जाते. नजर दोन इंच इकडेतिकडे झाली तरी संकलनात ती कुणा तिसऱ्याकडे बघतेय असं वाटतं.

जवळिकीच्या प्रसंगात समोर माणूस नसला तरी नटीचं शरीर तिचंच आहे. ती भिंतीला कुठे टेकेल, किती भिजेल, कपडे किती चिकटतील हे आधी बोलून ठरवा, सेटवर गरजेपुरती माणसं ठेवा, पाणी कोमट करा आणि कोरडे कपडे हाताशी ठेवा.

चित्रीकरणाचा क्रम

कथेचा क्रम विसरा, कोरड्याकडून ओल्याकडे जा. पहिला दिवस स्वच्छ भिंत: आगमन आणि बाहीचा शेवट. हो, शेवट पहिल्याच दिवशी, कारण रंगाऱ्याने नवी केलेली भिंत तेव्हाच मिळते. दुसऱ्या दिवशी पहिला डाग आणि घरमालकीण. तिसऱ्या दिवशी नळीचे प्रसंग आणि वाफ. चहा त्या रात्री मुरवायचा. चौथ्या दिवशी रेघा पडलेल्या भिंतीवर गिऱ्हाईक आणि सगळ्यात शेवटी रंगारी, कारण तो भिंत फोडतो आणि दुसरा टेक नाही. तो शॉट शक्य असेल तर दोन कॅमेऱ्यांवर घ्या. टाइमलॅप्स रात्री, बाकीचे गेल्यावर.

प्रत्येक टेकनंतर भिंतीचा समोरून, त्याच जागेवरून फोटो. कपड्यांची सलगता सांभाळायला माणूस असतो, डागाची सांभाळायला कुणी नेमलेलं नसतं आणि संकलनात तो डाग उड्या मारताना सापडतो. बाहीवरचा आकार आधी कागदावर छापा म्हणून कापून ठेवा, कारण शेवट आधी चित्रित होतोय. पुढे भिंतीवरचा डाग याच छाप्यातून भिजवायचा. रोज रात्री भिंतीला हवा लागू द्या, नाहीतर बुरशी धरते.

संकलन

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडून दाखवला तेव्हा प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या. आपल्या चित्रपटाचं प्रेम याच शिलाईवर उभं आहे. चेहरा, ओल, चेहरा. ओलीचा शॉट नेमका किती वेळ धरायचा यावर ती लाजली की रागावली हे ठरतं. आधी सगळे ओलीचे शॉट गरजेपेक्षा दोन सेकंद लांब ठेवा, मग एकेक करून कापत जा, आणि अर्थ कुठे बदलतो ते बघा. चेहऱ्यावर लगेच परतलात तर ओलीने उत्तर दिल्यासारखं वाटतं. रेंगाळलात तर तिने उत्तर टाळल्यासारखं.

पहिली जोडणी संगीताशिवाय. संगीत घातलं की न जमलेला प्रसंगही जमल्याचा भास होतो आणि तो दुरुस्त करायचा राहून जातो. नंतर पाच-सहा जणांना दाखवा, पण ‘कळलं का?’ विचारू नका. लोक अवघडून अर्थ सांगू लागतात. विचारा: तिला काय हवं होतं? ओल कधी रागावली? घरमालकीण कशावर चिडली होती? रागाची जागा बहुतेकांनी एकच सांगितली तर संकलन बरोबर आहे. प्रत्येकाने वेगळी सांगितली तर त्या जागी चेहरा चुकीचा निवडला गेलाय.

आवाज

ओलीला आवाज हवा, आणि तो वाद्याचा नको. कोरडी भाजलेली वीट पाण्यात सोडली की आतली हवा बारीक तडतड करत बाहेर येते. पसरट टोपल्यात वीट ठेवून माइक दहा सेंटिमीटरवर धरा आणि तडतड संपेपर्यंत सगळं मुद्रित करा. सुरुवातीचा भाग उतावळा येतो, शेवटचा मंद. तीच ओलीची बोली. वीट एकदाच बोलते, पुन्हा पूर्ण सुकेपर्यंत गप्प, म्हणून पाच-सहा विटा जवळ ठेवा. मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. आजूबाजूला पंखा किंवा फ्रिज चालू नको, हा आवाज इतका बारीक आहे की तो त्यात बुडतो.

दमट खोली भासवायला खोल घुमणारा गुंजारव घालायची पद्धत आहे. हेडफोनवर तो छान वाटतो, पण फोनच्या छोट्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि प्रसंग रिकामा पडतो. त्यापेक्षा खोलीचा आवाजच बदला: ओल आलेल्या रात्री बाहेरचे आवाज किंचित बोथट करा, वरच्या पट्टीतले थोडे कापा. सेटवर प्रत्येक दिवशी एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून खोलीचा नुसता आवाज मुद्रित केलेला असेल तरच हे जमतं. उलट्या चालवलेल्या शॉटचा मूळ आवाज मात्र फेकून द्या. चित्र उलटं चालतं तेव्हा आवाज सरळच हवा, नाहीतर युक्ती उघडी पडते.

सबटायटल आणि मथळे

एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४०च्या आत अक्षरं, आणि कितीही छोटा शब्द असला तरी पडद्यावर किमान एक सेकंद. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आवाजाचं वर्णन लिहिताना ओलीच्या जागी ‘ओल रागावते’ किंवा ‘ओल हसते’ असं लिहिलं जातं. त्याने ऐकणाऱ्या प्रेक्षकाला जे शोधावं लागतं ते दुसऱ्याला आयतं मिळतं, आणि दोघांचा चित्रपट वेगळा होतो. तिथे फक्त घडलेला आवाज लिहा: ‘भिंतीत बारीक तडतड’, ‘तडतड थांबते’, ‘लांबवर वाहनं, बोथट’. रागाच्या प्रसंगात ‘तडतड थांबते’ हा मथळा आवाज थांबतो त्याच फ्रेमवर आला पाहिजे. अर्ध्या सेकंदानेही आधी आला तर तो पुढचं सांगून टाकतो.